गंजाच्या पोटातले नेढे

प्रश्न : एका संग्रहालयाच्या पुरातत्त्व दालनात बोटभर लांबीची, गंजाने फुगलेली काडी पाहिली. खाली ‘लोखंडी सुई’ अशी पाटी होती. नेढे मात्र कुठेच दिसत नव्हते. ती खिळा किंवा आरी नसून सुईच आहे, हे कशावरून ठरवतात? ती घासून स्वच्छ का करत नाहीत? आणि पेटीच्या कोपऱ्यात दाणेदार पदार्थाची पुडी कशासाठी होती?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. सैबेरियातील डेनिसोवा गुहेत मिळालेली हाडाची सुई सुमारे ५०,००० वर्षांची असूनही तिचे नेढे साध्या डोळ्यांना दिसते. लोखंडाच्या नशिबी हे सहसा नसते. गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि फुगताना भोवतालची माती व वाळूचे कण पोटात घेतो, त्यामुळे बारीक सुई जाड काडी होऊन हाती येते आणि तिचे नेढे बुजून जाते. म्हणून आधी क्ष-किरण चित्र काढतात. शिल्लक धातू किरण अधिक अडवतो, गंज त्या मानाने कमी. साहजिकच फिकट आवरणाच्या आत सुईची उजळ रेषा उमटते आणि तिच्या एका टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढा काळसर ठिपका दिसतो. तेच नेढे.

ते कसे घडवले होते, हेही त्याच चित्रात अनेकदा वाचता येते. एक रीत म्हणजे टोक ठोकून चपटे करायचे आणि त्यात भोक पाडायचे. दुसरी अधिक कौशल्याची, म्हणजे टोक उभे चिरून दोन फाटे करायचे आणि त्यांची टोके तापवून पुन्हा एकमेकांना जोडायची. इंग्लंडमधील यॉर्क शहरात कॉपरगेट येथे झालेल्या उत्खननातील सुयांमध्ये हे दोन्ही प्रकार आढळले आहेत.

आरीला नेढे नसते. ती चामड्याला भोक पाडते, दोरा ओढून नेत नाही. तिचे एक टोक मुठीत बसवायचे असल्याने तिथल्या गंजात कधी लाकडाचे तंतू सापडतात. खिळा बहुधा त्याच्या माथ्यावरून ओळखू येतो. नेढ्याकडचा भागच तुटला असेल, तर ‘सुई किंवा आरी’ असे लिहिणे योग्य, आणि अशी पाटी मला अधिक विश्वासार्ह वाटते.

आता घासण्याविषयी. वस्तूचा मूळ पृष्ठभाग बहुधा गंजाच्या थरातच टिकून असतो. गंज सरसकट काढला, तर आकारही जातो. शिवाय सुई कापडात टोचलेली असताना पुरली गेली असेल, तर लोहक्षार धाग्यांत मुरतात, कापड कुजून गेले तरी त्याचा ठसा गंजात राहतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली उभे-आडवे धागे मोजता येतात, सुताचा पीळ कोणत्या दिशेचा होता तेही कळते. सुईपेक्षा हा ठसाच कधी कधी अधिक मोलाचा असतो. म्हणून संवर्धक सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक पात्याने, गरजेपुरताच थर उतरवतात.

राहिली पुडी. जमिनीतील क्लोराइड क्षार धातूत शिरलेले असतात आणि हवेतला दमटपणा मिळताच गंजणे पुन्हा सुरू होते. नवा गंज आतून फुगतो आणि वरची खपली उडून पडते. काही वस्तू अल्कधर्मी द्रावणात दीर्घकाळ ठेवून हे क्षार बाहेर काढतात, तरी ते पूर्णपणे जातातच असे नाही. त्यामुळे पेटी हवाबंद ठेवून आत सिलिका जेलची पुडी ठेवतात आणि तिने पुरेसा ओलावा शोषला, की ती बदलतात.