कंबरदुखीवर मानसोपचार कशासाठी?

प्रश्न : चार वर्षांपासून माझी कंबर दुखते. एमआरआयमध्ये शस्त्रक्रिया करण्याजोगे काही आढळले नाही. गेले वर्षभर झोप नीट लागत नाही आणि कशातच मन रमत नाही. आता डॉक्टरांनी मानसोपचार घ्यायला सांगितले आहे. माझे दुखणे खोटे आहे, असे त्यांना वाटते का?

उत्तर : तसे मुळीच नाही, मात्र चिठ्ठी देतानाच डॉक्टरांनी हे दोन वाक्यांत समजावले असते, तर तुम्हाला हा प्रश्न पडला नसता. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची जी व्याख्या केली, तीतच शारीरिक संवेदनेबरोबर भावनिक अनुभवाचाही समावेश आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्यात झोपमोड, दुखेल या धास्तीने टाळलेली हालचाल आणि खचलेले मन ही एकमेकांना खतपाणी घालत राहतात, त्यामुळे केवळ पाठीवर उपचार करून भागत नाही.

अशा दुखण्यात बहुधा बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारा मानसोपचार, दिला जातो. त्यात बालपण उकरत बसत नाहीत; बहुधा गेल्या आठवड्याच्या नोंदवहीपासूनच सुरुवात होते. अनेकांच्या वहीत एकच नमुना दिसतो : बरे वाटले त्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे. त्याऐवजी, समजा, वीस मिनिटे उभे राहिल्यावर कळ वाढत असेल, तर पंधराव्या मिनिटालाच, कळ येण्याची वाट न पाहता, बसायचे आणि तो अवधी हळूहळू वाढवायचा. ‘वाकलो की मणका सरकेल’ ही भीतीही वाद घालून नव्हे, तर थोडे थोडे वाकून पारखली जाते. सोडून दिलेल्या आवडीच्या गोष्टी मन लागण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी करणे, हा नैराश्यावरील उपचाराचा गाभा आहे.

यातून वेदना नाहीशी होईल, असे आश्वासन मी देणार नाही. तिच्यात पडणारा फरक सरासरीने लहानच असतो, म्हणून व्यायाम सोडू नये. नैराश्य तीव्र असल्यास औषधेही लागतात. ड्युलॉक्सेटिनसारखे औषध नैराश्य आणि दीर्घकालीन वेदना या दोन्हींसाठी दिले जाते, पण ते मनाने सुरू किंवा बंद करू नये.

जगणे नकोसे वाटू लागले, तर ठरलेल्या भेटीपर्यंत थांबू नका; त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटला अथवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर मात्र तडक रुग्णालय गाठा.