फियाटचा फ्लोअर कापण्याआधी दरवाजांच्या चौकटी बांधा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. आजोबांची १९७१ची फियाट ११०० डिलाइट, जुलै २०२१च्या पुरात चिपळूणला सीटपर्यंत पाण्यात बुडालेली, त्यानंतर शेडमध्येच पडून. आता ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर स्क्रूड्रायव्हर आरपार गेला, आणि गॅरेजवाला म्हणतो की चार दिवसांत दोन्ही बाजूंचा फ्लोअर कापून नवा पत्रा मारून देतो. करू द्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

चार दिवसांत आणि दोन्ही बाजू एकदम, अजिबात नको. माझ्या १९७८च्या पद्मिनीचं, म्हणजे फियाटच्याच धाटणीच्या गाडीचं, नेमकं असंच झालं आणि ते निस्तरण्यात माझे सात महिने गेले.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही, बँकेत नोकरी करतो. एका गाडीचं काम जवळ उभं राहून केलं, तेवढाच अनुभव. तुमच्या गाडीची अवस्था प्रत्यक्ष पाहणाऱ्या जाणकाराचं मत माझ्यापेक्षा मोठं. बॅटरी काढणं, सीट काढणं, फ्लोअरखालून जाणारे पेट्रोलचे आणि ब्रेकचे पाइप मोकळे करणं वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

माझा डेंटर, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकणारा कारागीर, हाताने चांगला होता. पण त्याचं आयुष्य जीपच्या कामात गेलेलं. जीपला खाली वेगळी चेसिस, म्हणजे लोखंडी सांगाडा, असते, त्यामुळे तिचा फ्लोअर म्हणजे निव्वळ पाय ठेवायचा पत्रा. सगळा कापून काढला तरी गाडी हलत नाही. फियाटला वेगळी चेसिसच नाही. फ्लोअर, त्याच्या मधला उंचवटा म्हणजे बोगदा, आणि दरवाजाखालचे पोकळ पट्टे, म्हणजे सिल, हेच मिळून गाडीचा कणा. अॅम्बेसेडरचंही तसंच. हा फरक मला तेव्हा कळला असता तर मी रजा टाकून तिथे बसलो असतो.

त्यांनी गाडी चार स्टँडवर घेतली. दोन पुढे क्रॉस मेंबरखाली, म्हणजे आडव्या तुळईखाली, दोन मागच्या अॅक्सलखाली. इंजिन जागेवरच. मधे काही आधार नाही. मग एका दिवसात दोन्ही बाजूंचा फ्लोअर आणि गंजलेल्या सिलचा आतला भाग कापून मोकळा केला. मी शनिवारी संध्याकाळी गेलो तेव्हा नवा पत्रा वेल्ड होऊन वर रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंगही मारलेला. दिसायला काम सुरेख.

मी ड्रायव्हरचा दरवाजा लावून पाहिला. हा दरवाजा आधी दोन बोटांनी ढकलला की टक् करून बसायचा. आता वरचा मागचा कोपरा चौकटीच्या खांबाला घासत होता, रंगाची पापडी निघून आली, आणि खालच्या फटीतून पाचचं नाणं सहज आत पडलं. गाडी मधे खचली की दोन खांबांची डोकी एकमेकांकडे झुकतात, म्हणून फट वर मिटते आणि खाली उघडते.  आणि हे सगळं नव्या वेल्डिंगने तसंच पक्कं झालेलं.

गॅरेजमालकाचं उत्तर होतं, 'जुनी गाडी आहे साहेब, दरवाजे असेच असतात. बिजागरी वाकवून देतो.' हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. पैसे पूर्ण घेतले, चूक कबूल केली नाही, आणि वर लॉकचा खटका ग्राइंडरने घासून दरवाजा लागतो असं दाखवलं. बिजागरी वाकवून बॉडी सरळ होत नाही हो! तुम्हाला कोणी असं सांगितलं तर गाडी तिथून उचला.

दुसऱ्या एका वयस्क पत्रेवाल्याने एका बाजूचं नवं वेल्डिंग पुन्हा कापलं, सिलखाली लाकडी ठोकळा ठेवून बॉटल जॅकने दोन दिवसांत हळूहळू, थोडं चढवायचं आणि मोजायचं, असं करत गाडी वर आणली. दरवाजा बसला तेव्हाच त्याने वेल्डिंगचे टाके मारले.

त्याच्याकडून शिकलो ते असं. कापण्याआधी चारही दरवाजे नीट बसतात का ते पाहा, प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून वहीत लिहा. मग एक इंची चौकोनी पाइप चौकटीत तिरपे टाक्यांनी जोडा, आणि डाव्या-उजव्या खांबांमध्ये एक आडवा. आधार सिलच्या जवळ, गाडीच्या मधल्या भागालाही द्या. एका वेळी एकच बाजू, तीही तुकड्याने. एक तुकडा पक्का झाला की पुढचा कापायचा. वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने होणारं, घ्या, गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा लाटेसारखा वाकतो. पत्रा मी १८ गेज जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा पोलादी) वापरला, काहीजण २० म्हणतात, त्यावर वाद नको. जीपी, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरलात तर जिथे वेल्ड करायचं तिथलं जस्त घासून काढा आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा, त्या धुराने कारागिराला रात्री थंडीताप भरतो.

तुमच्या गाडीत पुराचा गाळ आहे, तेव्हा सिल आतून तपासल्याशिवाय फ्लोअरवर एक रुपयाही घालू नका. खालची पाणी जायची भोकं गाळाने बुजलेली असणार. तार घालून मोकळी करा, पाण्याने धुवा, काय रंगाचं पाणी येतं ते पाहा. नवा पत्रा कुजलेल्या सिलला जोडला तर दोन पावसाळ्यांत पुन्हा हेच. आणि गंजावर थेट डांबर मारू देऊ नका. ओल आत कोंडते, पत्रा वरून काळा कुळकुळीत दिसतो आणि खालून भुसा होतो. माझा मूळ फ्लोअर असाच गेला होता.

एक कागदपत्रांचं. तुमची गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे, म्हणजे २०२१च्या केंद्रीय नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणी, ती नंबरात 'व्हीए' अक्षरं असलेली पाटी, घेता येईल. पण त्या व्याख्येत गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार नको, असं म्हटलंय. गंजलेल्या जागी तसाच पत्रा बसवणं हा फेरफार नाही असं मला वाटतं, पण अधिकारी काय म्हणेल हे मी सांगू शकत नाही. आधी, मधे, नंतर असे तारखेसह फोटो ठेवा. नंबर कोरलेल्या पत्र्याला ग्राइंडर तर सोडाच, पुट्टीसुद्धा लागू देऊ नका.

मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथे बॉडीला जोडलेत, तिथलं डांबर खरवडून हातोडीने हलकं ठोकून पाहा. टणटणीत आवाज आला तर ठीक, भदभद आला तर काम फ्लोअरपुरतं राहिलेलं नाही आणि गॅरेजचा अंदाज आजच फेकून द्या. त्या दोन जागांचे फोटो आधी टाका, मग पुढचं बोलू.