लाउंजमधल्या इडलीचे पैसे कोण देणार?

सुट्ट्या जवळ आल्या की एकच प्रश्न दहा वेश घेऊन माझ्याकडे येतो: ‘आम्हाला लाउंज मिळेल का?’ लाउंज म्हणजे विमानतळावरची बसायची-खायची वेगळी खोली. वीस वर्षं लोकांची तिकिटं काढतोय, त्यावरून एक सांगतो. पुणे, नागपूर, गोवा अशा ठिकाणी लाउंज सहसा विमान कंपनीचंही नसतं आणि बँकेचंही नसतं. ते एखादा ठेकेदार चालवतो, आणि आत गेलेल्या प्रत्येक माणसामागे त्याला कुणाकडून तरी पैसे मिळतात. तेव्हा प्रश्न असा विचारा: आज माझे पैसे कोण भरणार आहे?

मुलगा बंगळुरूला असतो. त्याचं क्रेडिट कार्ड घेऊन आम्ही दोघं पुण्याच्या लाउंजमध्ये जाऊ शकतो का? (सोलापूर)

नाही. कार्डावरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव जुळायला हवं. मुलाने तुमच्या नावाने ॲड-ऑन कार्ड, म्हणजे त्याच्याच खात्यावरचं जादा कार्ड, काढलं तर काही बँका त्यावर लाउंज देतात, काही देत नाहीत. तिकीट काढण्याआधी त्याला बँकेत फोन करायला सांगा.

कतार एअरवेजचं नागपूर–दोहा बिझनेस क्लासचं तिकीट आहे. नागपुरात त्यांचं लाउंज कुठे आहे? (अमरावती)

नागपुरात त्यांचं स्वतःचं लाउंज नाही. त्यांचं प्रसिद्ध ‘अल मौर्जान’ दोह्यात आहे, आणि दोह्याबाहेर लंडन, पॅरिस, सिंगापूर अशा मोजक्याच शहरांत त्यांची लाउंज आहेत. एका गावातून दिवसाला एखादं विमान सुटत असेल, तर तेवढ्यासाठी कुठलीही कंपनी गालिचे अंथरून बसत नाही. अशा ठिकाणी कंपनी ठेकेदाराशी करार करते आणि चेक-इनच्या वेळी तुमच्या हातात आमंत्रणाची चिठ्ठी देते. ती काउंटरवरच मागून घ्या. सिक्युरिटी झाल्यावर आठवण झाली तर परत मागे जाता येत नाही.

आणखी एक. बिझनेस क्लासमध्येही ‘लाइट’ नावाचं स्वस्त भाडं असतं. खुर्ची तीच, पण लाउंज त्यात धरलेलं नसतं. स्वस्तात मिळालं म्हणून खूश होणारे मला रोज भेटतात. भाड्याचा प्रकार वाचणारा क्वचित. तिकीट ज्याच्याकडून काढलं त्याला आजच विचारा.

कार्ड घेताना ‘लाउंज फ्री’ सांगितलं होतं. गेल्या महिन्यात मशीनने नकार दिला. बँक म्हणते खर्च कमी पडला. ही फसवणूक नाही का? (नाशिक)

फसवणूक नाही, पण ‘फ्री’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. विमानतळावर उभं राहून कार्ड विकणारा पोरगा पहिलं वाक्य मोठ्याने म्हणतो आणि दुसरं गिळतो. दुसरं वाक्य असं: आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच. एप्रिल 2024पासून आयसीआयसीआय बँकेने बऱ्याच कार्डांना 35,000 रुपयांची अट घातली, त्याच वर्षी काही कार्डांसाठी ती 75,000वर नेली. इतर बँकांच्या अशाच अटी आहेत, आणि त्या बदलत राहतात.

यात लोक दोन ठिकाणी ठेचकाळतात. पहिली, तिमाही म्हणजे कॅलेंडरची. तुम्ही 3 जुलैला उडणार असाल तर एप्रिल ते जूनचा खर्च मोजतात. 1 जुलैला घेतलेला फ्रीज उपयोगाचा नाही. दुसरी, सगळा खर्च धरत नाहीत. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे अनेकदा वगळलेले असतात.

एका विमानतळावर माझ्यापुढे एक गृहस्थ होते, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. कार्ड तीनदा घासलं, तिन्ही वेळा नकार. मागची रांग चुळबुळायला लागली. ‘अहो, मुद्दाम टीव्ही घेतला हो यासाठी,’ ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले. टीव्ही हप्त्यांवर घेतला होता, आणि त्यांच्या कार्डाच्या अटींत हप्त्यांचा व्यवहार धरतच नव्हते.

आता हिशेब मांडा. लाउंजसाठी 35,000 खर्च केले आणि महिनाभर थकवले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तरी 1,225 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 1,445. एवढं मोजून तुम्ही दोन इडल्या, सांबार आणि मशीनची कॉफी घेतलीत. नेहमीचा किराणा, वीजबिल यातून आकडा भरत असेल तर जरूर जा. त्यासाठी खरेदी करू नका. आणि बँकेकडून ‘या तिमाहीत मी पात्र आहे का’ याचं उत्तर लेखी घ्या. फोनवरचं ‘हो सर’ काउंटरवर चालत नाही.

व्हॉट्सॲपवर लाउंज पासची लिंक आली आहे. ॲप डाउनलोड करू का? (ठाणे)

नको! 2024 साली बंगळुरूला असंच ‘लाउंज पास’ नावाचं खोटं ॲप लोकांच्या फोनमधले एसएमएस, म्हणजे ओटीपी, परस्पर वाचत होतं. त्यात लाखो रुपये गेले. आधीच डाउनलोड केलं असेल तर हे वाचणं थांबवा, बँकेला कळवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.

गोव्यात मोपाचं लाउंज चांगलं की दाबोळीचं? (कोल्हापूर)

तुमचं विमान जिथून सुटतं तिथलं. तिकिटावर जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. आधी ते बघा.

आईला मधुमेह आहे. सकाळी सातचं विमान. लाउंजमध्येच नाश्ता करावा म्हणतो. (सातारा)

भरवसा ठेवू नका. लहान लाउंज पहाटे भरलं की दारातच थांबवतात. खुर्च्या मोजक्या आणि कार्डवाले ढीगभर. दशम्या, सुकी भाजी बरोबर घ्या. सुकं न्यायला हरकत नसते, पातळ आणि लोणचं मात्र टाळा. आत जागा मिळाली तरी उद्घोषणेची वाट बघत बसू नका, आत ती ऐकू येईलच असं नाही. देशांतर्गत उड्डाणांना इंडिगोसारख्या कंपन्या 25 मिनिटं आधी गेट बंद करतात. व्हीलचेअर हवी असेल तर तिकिटावर आधी नोंदवा, विमानतळावर ऐनवेळी मागू नका. इन्सुलिन आणि त्याची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, आणि त्या दिवशी डोस किती वाजता घ्यायचा ते आईच्या डॉक्टरांना विचारा, मला नको.