अमेरिकेतल्या छोट्या गावातलं कंट्री म्युझिकचं रेडिओ स्टेशन दिवसभर लावतं तरी काय, आणि ते चालतं कसं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की सिनेमात दाखवतात तसं माळावर एक टॉवर, खाली दोन खोल्या आणि आत एकच माणूस गाणी लावतोय, असं खरंच असतं का आणि इंटरनेटच्या जमान्यात ते कोण ऐकतं. असतं, आणि ऐकतात, मी स्वतः ऐकतो. सगळ्या अमेरिकेचं मला सांगता येणार नाही पण एका स्टेशनचं नक्की सांगतो, नॉर्थ कॅरोलायनातल्या माउंट एअरी गावाचं डब्ल्यूपीएक्यू, एएमवर (म्हणजे आपलं मीडियम वेव्ह) 740 किलोहर्ट्झ.

मी नोकरीसाठी विन्स्टन-सेलमला आलो तेव्हा जुनी गाडी घेतली होती, तिच्यात ब्लूटूथ वगैरे काही नाही, नुसता रेडिओ. एका शनिवारी हायवे 52 ने उत्तरेला निघालो होतो, पायलट माउंटन दिसायला लागला (डोंगराच्या डोक्यावर कातळाची टोपी घातल्यासारखा दिसतो, आपल्याकडे असता तर वर एखादं देऊळ नक्की असतं) आणि बटण फिरवता फिरवता अचानक व्हायोलिन आणि बँजो. पण रेकॉर्डिंग वाटेना. मधेच कोणीतरी खोकलं, कोणीतरी खुर्ची सरकवली, गाणं संपल्यावर मोजक्या वीसतीस माणसांच्या टाळ्या. मग निवेदकाने तिथेच उभ्या उभ्या एका दुकानाची जाहिरात वाचली आणि पुढचं गाणं. मला एकदम घरचा ट्रान्झिस्टर आठवला. पाऊण तासात गावात पोचलो तर तो कार्यक्रम मेन स्ट्रीटवरच्या एका जुन्या थिएटरात चालू होता, मी सरळ आत जाऊन बसलो.

तो कार्यक्रम म्हणजे मेरी-गो-राउंड. दर शनिवारी सकाळी 11 ते दीड, लाइव्ह. आधी तो स्टेशनच्याच स्टुडिओत व्हायचा, नंतर थिएटरात आणला. थिएटरचं नाव अर्ल, 1938 सालचं. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ओप्री या कंट्रीच्या प्रसिद्ध रेडिओ शोनंतर अमेरिकेत सगळ्यात जास्त वर्षं चाललेल्या लाइव्ह रेडिओ शोंमध्ये याला धरतात. स्टेजवर तीनचार बँड आळीपाळीने येतात, बहुतेक आजूबाजूच्या गावांतले. मी गेलो त्या दिवशी पुढच्या रांगेतले एक आजोबा, पँटला गॅलिस, बुटाच्या तळाला लोखंडी पट्ट्या, बँडने जलद काहीतरी धरलं की उठायचे आणि स्टेजसमोरच्या मोकळ्या जागेत नाचायचे, वरचं अंग जवळजवळ स्थिर आणि पाय मात्र ठेक्यात. याला तिकडे फ्लॅटफूट म्हणतात. त्यांच्या बुटांचा आवाज माइकमधून रेडिओवर जातो, म्हणजे घरी ऐकणाऱ्याला वाटत असणार बँडमध्ये एक वाद्य जास्त आहे!

आता इतिहास. राल्फ एपरसन नावाचा माणूस, शेजारच्याच व्हर्जिनियातल्या अरारटचा, लहानपणापासून रेडिओचा नाद. युद्धाच्या काळात वॉशिंग्टनला नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत काम केलं, आणि युद्ध संपल्यावर परत येऊन वडिलांच्या मदतीने स्टेशन उभं केलं. 2 फेब्रुवारी 1948 ला सुरू झालं. त्या वेळी असं करणारा तो एकटाच नव्हता, युद्धानंतर चारपाच वर्षांत अमेरिकेतली एएम स्टेशनं दुपटीहून जास्त झाली, गावोगाव टॉवर उभे राहिले. फरक इतकाच की बाकीच्यांनी काळानुसार रंग बदलले, या माणसाने बदलले नाहीत. पहिल्या दिवसापासून गावातलेच वादक माइकसमोर बसवले आणि 2006 मध्ये जाईपर्यंत तेच धोरण ठेवलं. नंतर मुलाने सांभाळलं.

हे धोरण किती उलट्या दिशेचं होतं ते कळायला थोडं मागे जावं लागेल. 1920 च्या दशकात कंट्री रेडिओ सुरू झाला तो दुकानदारांच्या आणि विमावाल्यांच्या जिवावर. शिकागोचं डब्ल्यूएलएस हे सिअर्स या दुकान कंपनीचं, ही अक्षरंच मुळी 'जगातलं सगळ्यात मोठं दुकान' यावरून घेतलेली. नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम एका विमा कंपनीचं, तिथे 1925 मध्ये ओप्री सुरू झाली. छोट्या स्टेशनांवर वादकांना बहुतेक वेळा पैसे मिळायचेच नाहीत, फुकट वाजवायचं आणि बदल्यात 'शुक्रवारी अमुक शाळेत आमचा कार्यक्रम आहे' एवढं सांगू द्यायचं, कमाई त्या शाळेतल्या तिकिटांवर. मग पन्नासच्या दशकात रॉक अँड रोल आलं आणि सगळी स्टेशनं तिकडे पळाली. 1961 मध्ये अख्ख्या अमेरिकेत पूर्ण वेळ कंट्री लावणारी स्टेशनं फक्त 81 होती. कंट्रीवाल्यांनी 1958 मध्येच संघटना काढली होती, तिने जोर लावला, नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपन्यांनी व्हायोलिन-बँजो मागे सारून गुळगुळीत ऑर्केस्ट्रा आणला होताच, आणि 1969 पर्यंत तो आकडा 606 वर गेला. आकडा वाढला खरा, पण 606 ठिकाणी साधारण तीच गाणी.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, तुमच्या डोक्यात कंट्री म्हणजे मोठी हॅट आणि पिकअप ट्रकची गाणी असतील तर इथे ती मिळणार नाहीत. इथे ब्लूग्रास (बँजो-व्हायोलिनवरचं जलद संगीत, वादक आळीपाळीने सोलो वाजवतात), ओल्ड-टाइम आणि गॉस्पेल (चर्चची भक्तिगीतं). ओल्ड-टाइम म्हणजे ब्लूग्रासच्याही आधीचं, व्हायोलिन आणि बँजो दोघं एकच चाल एकमेकांत गुंफून वाजवतात, कोणी पुढे येऊन सोलो वगैरे भानगड नाही. या भागाची खास शैली आहे, राउंड पीक म्हणतात. तिचा सगळ्यात मोठा माणूस टॉमी जॅरल, माउंट एअरीला लागून असलेल्या टोस्ट नावाच्या वस्तीत राहायचा (हो, टोस्टच), आयुष्यभर हायवे खात्यात रस्ते सपाट करायचं मशीन चालवलं आणि निवृत्तीनंतर देशभरातली तरुण पोरं त्याच्याकडे शिकायला येऊन राहायला लागली. 1982 मध्ये त्याला लोककलेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. दुसरा बेंटन फ्लिपन, मोज्यांच्या कारखान्यात कामाला, डब्ल्यूपीएक्यूवर कित्येक वर्षं वाजवलं. दिवसा कारखाना, रात्री वादन. आपल्याकडे भजनी मंडळात पखवाज वाजवणारा माणूस दिवसा एसटीत कंडक्टर असतो ना, अगदी तसंच. म्हणून स्टेशनला कधी 'टॅलेंट' शोधायला जावं लागलं नाही, गायचे तेच आणि ऐकायचे तेच.

एपरसननी यातलं बरंचसं वादन डिस्कवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. 1999 मध्ये राउंडर या रेकॉर्ड कंपनीने त्यातलं निवडक घेऊन सीडी काढली, मिळाली तर ऐका, खरखर आहे पण वाजवणारा समोर बसलाय असं वाटतं.

आता 'दिवसभर काय' हा तुमचा मूळ प्रश्न. एक लक्षात घ्या, अशा गावातल्या स्टेशनचा अर्धा दिवस गाण्यांचा नसतोच. सकाळी हवामान, शाळा बर्फामुळे उशिरा भरणार का ते, गावात कोण गेलं आणि अंत्यविधी कुठे किती वाजता, हे निवेदक संथ आवाजात नावानिशी वाचतो, आणि वयस्कर लोक यासाठीच रेडिओ लावतात असं मला तिथल्या एका बाईंनी सांगितलं, त्या म्हणाल्या माझं नाव आलं नाही की मी चहा टाकते. मग अशा स्टेशनांवर एक देवाणघेवाणीचा कार्यक्रम असतो, लोक फोन करून सांगतात माझ्याकडे गवताच्या गाठी आहेत, कोंबड्या विकायच्यात, जुना फ्रीज हवाय. रविवारी जवळपास सगळा वेळ चर्च आणि गॉस्पेल, चर्चवाले बरेचदा वेळ विकत घेतात आणि स्टेशनच्या उत्पन्नात तो मोठा आधार असतो. पेट्रोल पंप, शेतीचं दुकान, अंत्यविधीवाले, अशा छोट्या जाहिराती. पैसा असाच, चिल्लर चिल्लर करून.

तांत्रिक बाजूचाही कार्यक्रमांवर परिणाम होतो, हे कोणी फारसं सांगत नाही. दिवसा एएमच्या लहरी जमिनीला धरून जातात, डोंगराळ भागातही दऱ्याखोऱ्यांत पोचतात, डब्ल्यूपीएक्यू दिवसा 10,000 वॉटवर असतं. पण सूर्य मावळला की त्याच लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर, आयनांबरावर आपटून शेकडो मैल लांब पडतात आणि 740 हा आकडा तर मुळात कॅनडासाठी राखलेला, टोरांटोचं मोठं स्टेशन त्यावर. म्हणून अशा स्टेशनांना सरकारी नियमाने सूर्यास्ताला बंद व्हावं लागायचं. डिसेंबरात तिकडे सव्वापाचच्या आसपासच अंधार पडतो, म्हणजे माणूस कामावरून घरी येईपर्यंत स्टेशन गप्प झालेलं असायचं! शनिवारच्या भर दुपारी सगळ्यात मोठा कार्यक्रम असण्यामागे हेही एक कारण असावं असा माझा अंदाज आहे.

गावाबद्दल थोडंसं. वस्ती साडेदहा हजारांच्या आसपास. बाहेरच्यांना माउंट एअरी माहीत असतं ते अँडी ग्रिफिथ या टीव्ही नटामुळे, तो इथलाच, त्याची साठच्या दशकातली मालिका ज्या गावात घडते ते यावरूनच बेतलं असं म्हणतात. आता मेन स्ट्रीटवर त्या मालिकेतल्या पोलिसांच्या गाडीसारख्या गाड्यांतून पर्यटकांना फिरवतात. मोज्यांचे कारखाने बरेचसे गेले, ग्रॅनाइटची प्रचंड खाण अजून आहे. मला विचाराल तर ती पोलीस गाडी सोडा आणि थिएटरात जाऊन बसा.

अशी स्टेशनं कमी का झाली तर 1996 च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं घ्यायची यावरची मर्यादा काढली, एका कंपनीकडे तर 1,200 च्या वर गेली, मग गावातला निवेदक घरी आणि कुठल्यातरी शहरात आधीच रेकॉर्ड केलेला आवाज दहा गावांना 'गुड मॉर्निंग' म्हणतो. एपरसन कुटुंबाने विकलं नाही म्हणून हे त्यातून वाचलं.

ऐकायचं असेल तर स्टेशनच्या वेबसाइटवर लाइव्ह लागतं. तिथले शनिवारचे 11 म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. सुरुवातीला सगळी गाणी सारखीच वाटतील, मलाही वाटली होती, तिसऱ्या शनिवारी कुठला बँड आलाय ते ओळखायला यायला लागलं. आणि बुटांचा आवाज आला तर समजा आजोबा आलेत.