डोंगराच्या आडोशाला असूनही पहारा कशाला?

प्रश्न : माझी मुलगी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांकडे शिडाच्या बोटीने गेली आहे. परवा फोन आला, आवाज सारखा तुटत होता. वाऱ्यामुळे मॅग्दालेनफ्योर्ड नावाच्या खाडीत तीन दिवस नांगर टाकून बसलोय, रात्री पाळीपाळीने पहारा देतो, म्हणाली. चहूबाजूंनी डोंगर आहेत, तर पहारा कशाचा? आणि धोका असेल तर बंदरात का जात नाहीत? (एक आई, चिपळूण)

उत्तर : ताई, आधी फोनचं सांगतो, कारण जीव त्यानेच जास्त घाबरतो. ती खाडी जवळजवळ ८० अंश उत्तरेला आहे. विषुववृत्तावर एका जागी राहणारे उपग्रह तिथून अगदी क्षितिजाला टेकलेले असतात, म्हणून बोटीवर इरिडियमचा फोन ठेवतात. त्याचे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. एक डोंगराआड गेला की बोलणं तुटतं. एवढंच.

आता डोंगर. आपल्या जयगडला टेकडीच्या आड होडी आणली की नैऋत्येचा वारा अंगावर येत नाही. तिथे उलटं होऊ शकतं. हिमनदीवरची हवा थंड आणि जड, ती उतारावरून घसरत खाली येते. कड्यांवरून येणारा वाराही झोताझोताने कोसळतो, कधी या घळीतून, कधी त्या. बाहेर वाऱ्याचा वेग वीस नॉट असताना खाडीत चाळीसचा झोत बसतो. वारा दुप्पट झाला की नांगरावरचा ताण चौपट होतो, आणि बोट एका जागी न राहता झोके घेत राहते.

म्हणून पहिला पहारा नांगराचा. हिमनदीने आणलेला चिकण गाळ नांगर छान धरतो. पण केल्प, म्हणजे समुद्रातलं ते लांब पट्ट्यांचं शेवाळ, फाळाला गुंडाळलं तर नांगर तळात रुततच नाही. मग उचला, सुरीने कापा, पुन्हा टाका. साखळी खोलीच्या पाचपट सोडतात, वारा वाढला की सातपट, जागा असेल तर त्याहून जास्त. बोट जागेवरून सरकली की वाजणारा जीपीएसचा भोंगा असतोच. मी त्या किनाऱ्यावर काम करायचो तेव्हा साखळीवर हात ठेवून बघायचो. नांगराने धरलं असेल तर साखळी ताणते आणि सैल पडते. घसरत असेल तर हाताला खरखर लागते. भोंग्याच्या आधी कळतं, यावर मी कुणाशीही पैज लावीन.

दुसरा पहारा बर्फाचा. खाडीच्या टोकाला वॅगनवेब्रीन ही हिमनदी आहे, तिचे तुकडे सुटून येतात. तुकड्याचा बहुतेक भाग पाण्याखाली, त्यामुळे तो वाऱ्यापेक्षा प्रवाहाचं ऐकतो. कधी वाऱ्याविरुद्धही चालत येतो. लहान असेल तर लांब काठीने ढकलायचा, मोठा असेल तर साखळी कमीजास्त करून बोट बाजूला घ्यायची, नाहीतर नांगर काढून निघायचं. जाणता कप्तान मुद्दाम उथळ जागा धरतो. मोठे हिमखंड अलीकडेच तळाला टेकतात. सोय एकच, उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. धुकं नसेल तर रात्री दोनलाही सगळं दिसतं.

अस्वलांसाठी पहारा लागतो तो मुख्यतः किनाऱ्यावर उतरल्यावर.

बंदराचं म्हणाल तर लाँगयरब्येन, तिथलं मुख्य गाव, बरंच दक्षिणेला आहे आणि मधला पश्चिम किनारा उघडा. समोरून वारा आणि लाट घेत तिकडे जाण्यापेक्षा धरलेला नांगर बरा. तुमच्या मुलीचा कप्तान मला शहाणा वाटतो. तिच्या खाडीच्या थोडं उत्तरेला डान्स्कओया बेटावर स्वीडनचा आंद्रे १८९६ साली बलूनने उत्तर ध्रुवाकडे जायला दक्षिण वाऱ्याची वाट बघत बसला. मनासारखा वारा आला नाही, तो घरी परतला. पुढच्या वर्षी, ११ जुलै १८९७ला, उडाला. बलून तीन दिवसही हवेत टिकलं नाही. त्याचे आणि त्याच्या दोन साथीदारांचे अवशेष १९३० साली क्वितोया बेटावर सापडले. लोकांना त्याचं उड्डाण आठवतं. मला विचाराल तर त्याचा चांगला निर्णय आधीच्या वर्षीचा होता.

पुढच्या फोनला ‘कधी निघणार’ विचारू नका, ते तिच्या हातात नाही. झोप पुरते का आणि कोरडे हातमोजे उरलेत का, ते विचारा. ओले असतील तर इंजिन बंद केल्यावर त्याच्या खोलीत टांगायला सांगा; सकाळपर्यंत वाळतात, फक्त डिझेलचा वास लागतो.