नकाशासारखं चित्र

प्रश्न : ताई, १९८८ साली मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागलो आणि २०२४ साली आरेखक म्हणून निवृत्त झालो. कालवे, जलसेतू, सांडवे यांचे नकाशे काढण्यात उमेदीची वर्षं गेली. शेवटची काही वर्षं संगणकावर काम केलं, पण हात घडला तो बोर्डावरच. आता वेळ आहे म्हणून जलरंगाच्या वर्गात नाव घातलं. सहा महिने झाले. सर म्हणतात, "तुमचं झाड नकाशातल्या झाडासारखं दिसतं." मन खट्टू होतं. सौ. म्हणते, सोडून द्या. या वयात हाताचं वळण मोडता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कृपा करून मोडू नका. सरांचं बोलणं तुम्ही दोष म्हणून ऐकलंत. मला त्यात तुमची वाट दिसते.

मी २७ वर्षं वास्तुविशारदांच्या ऑफिसात ड्रॉइंग बोर्डावर काम केलं. ट्रेसिंग पेपरवर शाई सांडली की अर्ध्या ब्लेडनं ती हलकेच खरवडायची, मग नखानं तो भाग घोटून गुळगुळीत करायचा, नाहीतर पुढची रेघ फुटते. हे तुम्हाला सांगायला नको. असा हात कमवायला वर्षं जातात. तो बाजूला ठेवून पुन्हा अ-आ-ईपासून कशाला सुरुवात करायची?

आमचा माहेरचा वाडा पाडायचं ठरलं तेव्हा मी आणि धाकटी बहीण दोन रविवार टेप घेऊन फिरलो. खण, तुळया, खांबांचे तळखडे, अडीच फुटी भिंती, सगळं मोजलं. एकही खोली काटकोनात नव्हती, म्हणून प्रत्येकीचे कर्ण घेतले. वाडा गेला. पुढे आत्या आली, तिच्यापुढे शीट पसरली. चष्मा सारखा करत तिनं माजघरातल्या नऊ इंची देवळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे चिमणी असायची. काच मी पुसायची." बराच वेळ तिनं बोट उचललं नाही. त्या देवळीला रंग नव्हता, सावली नव्हती. ०.२ मिलीमीटरच्या पेननं काढलेला नुसता चौकोन होता.

तुमचा जन्म पाण्याच्या कामात गेला आहे, आणि राहता तुम्ही साताऱ्यात. जवळच लिंब गावची बारा मोटांची विहीर आहे: अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची, १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली. तिचे फोटो लोक रोज काढतात. पण पायऱ्या कुठून उतरतात, पाणी कुठे लागतं, मोटेची धाव (बैलांची उतरती वाट) आणि थारोळं (मोट रिकामी होते ते कुंड) कुठल्या पातळीला आहे, हे फोटोत एकदम दिसत नाही. ते काटछेदातच, म्हणजे विहीर उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या चित्रातच कळतं. कापलेला दगड जाड रेघेत, मागचं सगळं बारीक रेघेत. हे तुम्ही आयुष्यभर केलंय! १:१०० ला ११० फूट म्हणजे साडेतेहतीस सेंटिमीटर, ए-थ्रीच्या कागदात उभं बसतं.

सुरुवात मात्र लिंबपासून करू नका. आपल्या गावची, नाहीतर सौं.च्या माहेरची एखादी साधी बारव घ्या. अशा कितीतरी बारवा गाळानं भरून जातात, वर झाडं उगवतात आणि एक दिवस दगड ढासळतात. मापं चैत्र-वैशाखात घ्या, पाणी खाली गेलेलं असतं. गावात आधी सांगा, जमीन खासगी असेल तर मालकाला विचारा, आणि एकटे उतरू नका. तीस मीटरची टेप, ओळंबा आणि गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी एवढं सामान पुरतं. पायऱ्या एक-एक मोजा, त्यांची उंची सारखी धरू नका. टेपचं दुसरं टोक सौं.च्या हाती द्या. त्या "सोडून द्या" म्हणतात ते तुमचा हिरमोड पाहवत नाही म्हणून, असं मला वाटतं.

जलरंगही सोडायला नकोत. पाण्याच्या पातळीखाली एक फिकट निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, द्यायला ते सहा महिने कामी येतील. बाकी झाडं नकाशातलीच राहू द्या.

शीटच्या कोपऱ्यातला तक्ता आठवतो ना, मापं कोणी घेतली, आरेखन कोणाचं, तपासलं कोणी? तो विसरू नका. मापांच्या रकान्यात दोघांची नावं घाला. एक प्रत मला पाठवा, पण घडी घालून नको, नळीत गुंडाळून.