एक्स-रे शिकायला येणाऱ्याला

एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स घेतला आहेस ना, मग तरंगलांबीचे तक्ते घोकत बसू नकोस. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना पकडतात त्या रेडिओ लहरी, डोळ्याला दिसणारा उजेड आणि आपले क्ष-किरण ही सगळी एकाच घरातली भावंडं. निर्वातात वेग एकच, फरक तरंगलांबीचा: उजेड साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, क्ष-किरण १० ते ०.०१. तरंगलांबी जितकी कमी, तितकी फोटॉनची, म्हणजे किरणातल्या एकेका कणाची, ऊर्जा जास्त.

मशीनवर हे केव्हीपीत, म्हणजे एक्स-रे नळीला दिलेल्या कमाल किलोव्होल्टमध्ये, दिसतं. ७० केव्हीपी लावलंस की सर्वांत जोरकस फोटॉन ७० केईव्हीचा (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक), सुमारे ०.०१८ नॅनोमीटर. बाकीचे त्याहून दुबळे. अगदीच दुबळे असतात ते पेशंटच्या कातडीतच जिरतात, चित्राला काही देत नाहीत. म्हणून तर ॲल्युमिनियमचा फिल्टर. एमएएस (नळीतला विद्युतप्रवाह गुणिले वेळ) वाढवलं की फोटॉनांची संख्या वाढते, ऊर्जा नाही. (तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.)

गॅमा किरण अणुकेंद्रातून येतात, आपले इलेक्ट्रॉनकडून. ऊर्जा सारखीही असू शकते. एमआरआयला रेडिओ लहरी लागतात. सोनोग्राफी मात्र या यादीत घेऊच नकोस, तो ध्वनी आहे. सोनोग्राफीला आलेल्या गरोदर बाईने ‘बाळाला किरण लागतील का?’ विचारलं, तर तिला हेच नीट सांग.